दादाबची छावणी अजून छावणीच का आहे?

केनियाच्या ईशान्य भागात, सोमालियाच्या सरहद्दीपासून साधारण ऐंशी किलोमीटर अलीकडे, दादाब नावाचं एक छोटं गाव आहे. त्याच्या आजूबाजूला इफो, दगाहले आणि हगदेरा या निर्वासितांच्या छावण्या आहेत. सगळ्या मिळून जग त्यांना 'दादाब' म्हणतं. यातली पहिली छावणी 1991 मध्ये उभी राहिली. आज तिथे चार लाखांच्या आसपास माणसं राहतात, म्हणजे 2011 च्या जनगणनेतल्या लातूर शहरापेक्षा थोडी जास्तच. शाळा आहेत, दवाखाने आहेत, मशिदी आहेत, बाजार आहे, बसथांबे आहेत. छावणीत जन्मलेली पहिली पिढी तिशी ओलांडून गेली. त्यांची लग्नं छावणीतच झाली आणि त्यांची मुलंही तिथेच वाढताहेत.

तरीही तिला कोणी शहर म्हणत नाही. हगदेऱ्यात जन्मलेल्या तीस वर्षांच्या माणसाला शंभर किलोमीटरवरच्या गारिसाला जायचं असेल, तर सरकारकडून प्रवासाचा परवाना काढावा लागतो. दवाखाना, परीक्षा, मुलाखत असं काहीतरी पटण्याजोगं कारण दाखवावं लागतं. वाटेत पोलिसांच्या चौक्या असतात. बस थांबते, सगळ्यांचे कागद बघितले जातात. परवाना नसेल तर खाली उतरवतात आणि पुढे दंड, कोठडी किंवा हात ओले करणं, यातलं काहीतरी नशिबी येतं. 2006 च्या निर्वासित कायद्यात विनापरवाना छावणीबाहेर जाणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूदच होती.

दादाबबद्दल बातमी येते ती दुष्काळाची, कॉलऱ्याची किंवा धान्य कमी पडल्याची. त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं, वाळवंटी मुलूख, गरीब देश, बिचारी माणसं, दुसरं काय होणार? माझं म्हणणं वेगळं आहे. दादाब आज जसं आहे त्यात निसर्गाचा वाटा आहे, पैशाच्या चणचणीचाही आहे, पण सगळ्यात मोठा वाटा नियमांचा आहे. चार लाख माणसांनी कुठे राहायचं, काय काम करायचं, घराला कसल्या भिंती घालायच्या, हे नियमांनी ठरवलेलं आहे. ते नियम समजले की बाकीचं चित्र उलगडत जातं.

हे सुरू कसं झालं

सोमालियात 1969 पासून सियाद बार्रेची लष्करी राजवट होती. जानेवारी 1991 मध्ये ती कोसळली आणि तिच्या जागी दुसरं सरकार आलंच नाही. टोळ्यांच्या सशस्त्र गटांनी देश वाटून घेतला, पाठोपाठ दुष्काळ आला आणि माणसं मिळेल त्या वाटेने सरहद्दीकडे निघाली. केनियात ती आधी लिबोई या सरहद्दीवरच्या गावात थांबली. तिथून आत दादाबजवळ त्यांच्यासाठी तीन छावण्या आखल्या गेल्या. तिन्ही मिळून नव्वद हजार माणसांची सोय होती. अंदाज असा की वर्ष-दोन वर्षांत सोमालिया सावरेल आणि लोक घरी जातील. सोमालिया सावरला नाही.

त्याआधी केनियाचं धोरण असं नव्हतं. इदी अमीनच्या काळात युगांडातून पळून आलेले शिक्षक, डॉक्टर, कारकून नैरोबीत राहत होते, नोकऱ्या करत होते. कोणी त्यांना छावणीत ठेवलं नव्हतं. पण तेव्हा देशातले सगळे निर्वासित मिळून काही हजार होते. 1992 मध्ये तो आकडा चार लाखांच्या पुढे गेला. सोमालियातून, इथिओपियातून, सुदानमधून, सगळीकडून एकदम लोंढे आले. सरकारने हात टेकले आणि निर्वासितांचा कारभार संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेकडे सोपवला. अट एक: माणसं छावणीतच राहिली पाहिजेत. दादाब पूर्वेला, आणि सुदानच्या यादवीतून पळालेल्या मुलांसाठी वायव्येला, तुर्कानांच्या मुलखात, 1992 मध्ये काकुमा. दोन्ही जागा राजधानीपासून लांब, कमी पावसाच्या, शेतीला जवळजवळ निरुपयोगी.

केनियाला एका गोष्टीचं श्रेय द्यायला हवं. आफ्रिकी देशांच्या 1969 च्या करारात निर्वासिताची व्याख्या मोठी आहे. युद्धाने किंवा यादवीने देश सोडावा लागलेला माणूसही तीत बसतो. त्या आधारावर केनियाने सोमालियातून आलेल्यांना, एकेकाची चौकशी न करता, सरसकट निर्वासित मानलं आणि एप्रिल 2016 पर्यंत ते चालू ठेवलं. श्रीमंत देशांनी दारं लावून घेतली त्या काळात एका गरीब देशाने लाखो माणसांना सरहद्दीच्या आत घेतलं. त्यांना आत घेऊन एका जागी डांबलं, हेही तितकंच खरं.

छावणीत जन्मलेल्या मुलाला केनियाचं नागरिकत्व मिळत नाही. ते आई किंवा वडील केनियन असतील तरच मिळतं. हा नियम काही जगावेगळा नाही. भारतातही 1987 पासून नुसत्या जन्मावरून नागरिकत्व मिळत नाही. पण आपल्याकडे त्या नियमाची झळ थोड्यांना लागते. दादाबमध्ये तो अख्ख्या शहराला लागू आहे. तिथल्या मुलांनी सोमालिया बघितलेला नाही, ती केनियाच्या अभ्यासक्रमात शिकतात, स्वाहिली आणि इंग्रजी बोलतात, आणि कागदावर परदेशी असतात.

आतलं रोजचं जगणं

सोमाली भटक्या लोकांचं पारंपरिक घर म्हणजे 'अकल'. फांद्या वाकवून, बांधून घुमट करायचा आणि वर चटया घालायच्या. उंटावर लादून नेता येईल असं हे घर. दादाबमध्ये चटयांच्या जागी जुने कपडे, गोणपाट, पत्र्याचे तुकडे आणि संयुक्त राष्ट्रांची अक्षरं छापलेली पांढरी ताडपत्री आली. ज्यांना जमलं त्यांनी मातीच्या भिंती उभ्या केल्या, वर पत्रे टाकले. भोवती काटेरी फांद्यांचं कुंपण. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या आसपास, वारा सुटला की लाल धूळ घरभर, आणि पाऊस आलाच तर सपाट जमिनीवर पाणी तुंबतं. 2006 मध्ये इफोत आणि 2023 च्या अखेरीस पुन्हा पुरात हजारो घरं गेली. संडासाचे खड्डे भरून वाहिले की मागोमाग कॉलरा येतो.

सरपण ही तिथल्या बायकांची जुनी विवंचना. सुरुवातीच्या वर्षांत लाकडाच्या शोधात त्यांना छावणीपासून मैलोनमैल जावं लागायचं आणि वाटेत दबा धरून बसलेल्या लुटारूंकडून बलात्कार होत. इतके, की नव्वदच्या दशकाच्या शेवटी निर्वासित संस्थेला सरपण वाटपाची वेगळी योजना काढावी लागली. बाहेर जायची वेळ कमी झाली की त्या वेळेपुरते हल्लेही कमी होत. पण वाटलेलं सरपण महिनाभर पुरायचं नाही. आता आसपास सगळीकडे जे झुडूप माजलंय ते मराठवाड्यातल्या कुणालाही लांबून ओळखू येईल. आपली वेडी बाभूळ. केनियात तिला मथेंगे म्हणतात. मूळची अमेरिका खंडातली, वाळवंट रोखायला म्हणून लावली आणि मग चराऊ रानं गिळत सुटली. शेळ्यांचे दात किडवते म्हणून गुराखी तिच्यावर चिडलेले. पण छावणीतल्या चुलींना तिनेच आधार दिलाय.

पाणी खोल बोअरवेलमधून येतं. दादाबच्या खाली मेर्ती नावाचा मोठा भूजलसाठा आहे, त्यामुळे छावणी तगली. पंपाने पाणी टाक्यांत चढतं आणि ठरलेल्या वेळी नळाला येतं. नळापुढे खाद्यतेलाचे पिवळे कॅन रांगेत नंबर लावून ठेवलेले असतात. माणशी रोज वीस लिटर हे निर्वासित संस्थेचं प्रमाण आहे, म्हणजे असा एक कॅन. पिणं, स्वयंपाक, अंघोळ, धुणं, शेळी, सगळं त्यात.

आणि रेशन. ठरलेल्या दिवशी वाटप केंद्रावर कार्ड घेऊन जायचं. कार्डावर कुटुंबातल्या माणसांचा आकडा असतो. 2013 पासून बोटांचे ठसेही जुळावे लागतात. मका किंवा ज्वारी, गव्हाचं पीठ, वाटाण्याची डाळ, तेल, असं मापाने पदरात पडतं. पूर्ण रेशन म्हणजे माणशी दिवसाला 2,100 कॅलरी असा हिशेब धरलेला आहे. पण घरी येईपर्यंतच त्याला गळती लागते. ज्वारी-मका दळायला गिरणीवाल्याला पैसे हवेत. हातात रोकड नसली की दळणातलंच थोडं धान्य द्यायचं. साखर, दूध, चहा, कांदा रेशनमध्ये नसतो. तो आणायचा तर आणखी थोडं धान्य विकायचं. वाटपाच्या दिवशी सगळेच विकायला येतात म्हणून भाव पडलेला असतो. महिनाअखेरीला तेच धान्य दुकानातून चढ्या भावाने, उधारीवर घ्यायचं. कागदावरच्या कॅलरी आणि ताटातल्या कॅलरी यांत असा फरक पडतो.

2015 मध्ये काकुमात आणि पुढच्या वर्षी दादाबमध्ये रेशनचा काही भाग मोबाइलवर यायला लागला. त्या योजनेचं नाव 'बांबा चकुला'. फोनवर रक्कम जमा होते आणि छावणीतल्या ठरवून दिलेल्या दुकानांतून त्यात माल घेता येतो. ही चांगली सुधारणा होती. लोकांना भाजी, दूध, हवं ते धान्य निवडता येऊ लागलं आणि छावणीतल्याच दुकानदारांचा धंदा वाढला. पण गरिबी तीच असल्याने उधारीने नवी वाट शोधली. काकुमाजवळच्या कलोबेयेई वस्तीत संशोधकांना दिसलं, की कित्येक घरांनी आपलं सिमकार्ड किंवा कार्ड आणि पिन क्रमांक दुकानदाराकडे गहाण ठेवलेला आहे. पुढच्या महिन्याची रक्कम जमा होण्याआधीच खर्च झालेली असते.

बाजार मात्र जोरात असतो. हगदेऱ्याच्या बाजारात कापड, मोबाइल, उंटाचं दूध आणि मांस, पास्ता, साखर, औषधं, सगळं मिळतं. जनरेटरवर वीज विकणारे आहेत, भांडवल पुरवणारे आहेत. परदेशातल्या नातेवाइकांचे पैसे हवालामार्गे तासाभरात पोचतात. काकुमाचा अभ्यास करून जागतिक बँकेच्या गटातल्या एका संस्थेने 2018 मध्ये तिथली बाजारपेठ वर्षाला सुमारे 5.6 कोटी डॉलरची असल्याचं आणि दोन हजारांहून जास्त दुकानं असल्याचं मांडलं होतं. दादाबबद्दल 2010 च्या एका अभ्यासात निघालं, की छावणीमुळे आसपासच्या केनियन लोकांना वर्षाकाठी अंदाजे 1.4 कोटी डॉलरचा फायदा होतो. निर्वासित म्हणजे फुकट खाणारी तोंडं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे आकडे बघावेत. पण हा बाजार मूठभरांचा आहे. ज्याच्याकडे परदेशातून पैसा येतो किंवा ज्याची गावाकडून चालत आलेली व्यापारी नाती आहेत, तो दुकान टाकतो. बाकीचे हमाली करतात, गाढवगाडीवर पाणी वाहतात किंवा बसून राहतात.

बसून राहण्याचं कारणही नियमच. निर्वासिताला नोकरीचा परवाना कायद्याने मिळू शकतो. प्रत्यक्षात तो फार थोड्यांच्या हाती पडतो. छावणीतल्या शाळांत शिकवणारे, दवाखान्यात मलमपट्टी करणारे, दुभाषे, रेशन मोजणारे यांत मोठा भरणा निर्वासितांचाच आहे. पण परवाना नसल्यामुळे त्यांना 'पगार' देता येत नाही. त्यांना मिळतं ते मानधन, शेजारच्याच टेबलावर तेच काम करणाऱ्या केनियन सहकाऱ्याच्या पगाराच्या तुलनेत अगदी किरकोळ. शिकलेला, अनुभवी माणूस पंधरा-वीस वर्षं शिकवतो आणि कागदोपत्री तो नोकरीत कधीच नसतो. हे ऐकून संताप यायला हवा, मला येतो.

शिक्षणाचंही असंच. वर्गात सत्तर-ऐंशी मुलं, बाकं अपुरी, मुली वरच्या वर्गात कमी होत जातात. तरी दरवर्षी दादाबची मुलं केनियाच्या बोर्डाची परीक्षा देतात आणि काही जण झळाळून पास होतात. कॅनडातल्या एका शिष्यवृत्तीतून दरवर्षी थोड्या विद्यार्थ्यांना तिथल्या विद्यापीठांत जाता येतं, आणि तीत निवड झाली तर कायमचं कॅनडातच राहता येतं. तिच्यासाठी मुलं जीव तोडून अभ्यास करतात. 2013 पासून कॅनडाचं यॉर्क विद्यापीठ आणि केनियातली विद्यापीठं मिळून दादाबमध्येच पदवीपर्यंतचं शिक्षण देऊ लागली, आणि छावणीच्या शाळांतले शिक्षक त्यातून पदवीधर झाले. पदवी झाली. पुढे? गारिसाला मुलाखतीला जायचं तर परवाना, नोकरी लागली तर पुन्हा परवाना. काकुमात जन्मलेला अवेर माबिल पुढे ऑस्ट्रेलियाच्या फुटबॉल संघातून खेळला, 2022 च्या विश्वचषक पात्रतेच्या निर्णायक सामन्यात त्याने पेनल्टीवर गोल केला. अशा कहाण्या आवडीने छापल्या जातात. त्या सगळ्यांत एक गोष्ट सारखी असते: माणूस आधी छावणीतून बाहेर पडलेला असतो.

कुंपणाच्या दोन्ही बाजूंचे सोमाली

दादाबच्या आसपास राहणारे केनियन नागरिकही सोमालीच आहेत. भाषा एक, धर्म एक, बऱ्याचदा कूळसुद्धा एक. ब्रिटिशांनी सरहद्द आखताना हा मुलूख केनियात घातला. स्वातंत्र्यानंतर 1963 मध्ये तिथे सोमालियात सामील होण्यासाठी बंड झालं, ते चिरडलं गेलं आणि पुढे कित्येक वर्षं हा भाग आणीबाणीच्या कायद्याखाली राहिला. रस्ते नाहीत, शाळा नाहीत, दवाखाने नाहीत. छावणी आली तेव्हा निर्वासितांना मिळणारं रेशन आणि दवाखाना स्थानिक गुराख्यांना मिळत नव्हता.

मग दुष्काळात जनावरं मेली की काही केनियन कुटुंबांनी निर्वासित म्हणून नाव नोंदवलं आणि रेशनकार्ड मिळवलं. पोटासाठी केलेल्या या नोंदणीची किंमत पुढे मुलांनी मोजली. अठरा वर्षांची झाल्यावर ती राष्ट्रीय ओळखपत्र काढायला गेली तर संगणकावर त्यांच्या बोटांचे ठसे निर्वासितांच्या यादीत निघाले. ओळखपत्र नाही म्हणजे कॉलेज नाही, नोकरी नाही, मतदान नाही. अशा दुहेरी नोंदणीत अडकलेल्या केनियन नागरिकांची संख्या हजारोंच्या घरात आहे आणि त्यांची प्रकरणं वर्षानुवर्षं रेंगाळली. आपल्याच देशात, एका जुन्या रेशनकार्डामुळे, माणूस परदेशी ठरतो.

रिकामी राहिलेली छावणी

दादाबचं राजकारण समजून घ्यायला 2011 सालाइतकं चांगलं उदाहरण नाही. 2010 च्या अखेरीपासून सोमालियात पुरेसा पाऊस झाला नव्हता. दक्षिण भागावर अल-शबाब या सशस्त्र इस्लामी संघटनेचा ताबा होता आणि त्यांनी अनेक मदत संस्थांना बंदी घातलेली होती. जुलै 2011 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी अधिकृतपणे दुष्काळबळी पडत असल्याचं जाहीर केलं. नंतरच्या अभ्यासानुसार त्या आपत्तीत सुमारे 2,60,000 माणसं गेली आणि त्यांत निम्मी पाच वर्षांखालची मुलं होती. जी चालू शकत होती ती दादाबकडे चालत निघाली, कित्येक आठवडे. आयांना वाटेत मुलं पुरावी लागली. त्या दिवसांत रोज हजारावर माणसं येत होती आणि जुन्या छावण्यांच्या कडेला, पाणी-संडासाची सोय नसलेल्या उघड्या माळावर काटक्या रोवून बसत होती.

त्याच वेळी थोड्याच अंतरावर 'इफो 2' नावाची नवी विस्तारित छावणी जवळजवळ तयार होऊन रिकामी पडली होती. पाण्याच्या टाक्या होत्या, संडास होते, शाळेच्या इमारती होत्या. सरकार परवानगी देत नव्हतं, कारण नवी जागा उघडली तर आणखी लोक येतील आणि आले ते जाणार नाहीत, ही भीती. तिथे मातीच्या दाबलेल्या विटांची पक्की घरं बांधायला घेतली होती, तेही काम सरकारने थांबवलं होतं. घर पक्कं दिसता कामा नये. जगभरातून दबाव आल्यावर जुलैमध्ये पंतप्रधान रायला ओडिंगा दादाबला आले आणि इफो 2 उघडण्याची घोषणा झाली. वर्ष सरेपर्यंत दादाबची लोकसंख्या साडेचार लाखांच्या वर गेली होती. नव्वद हजारांसाठी आखलेली जागा!

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये एका वैद्यकीय संस्थेच्या दोन स्पॅनिश कार्यकर्त्यांना दादाबमधून पळवून नेलं. त्याच महिन्यात केनियाचं सैन्य सोमालियात घुसलं. नव्या माणसांची नोंदणी बंद झाली. पुढची कित्येक वर्षं ती अधूनमधून सुरू आणि बराच काळ बंद अशीच राहिली. नोंद नाही म्हणजे कार्ड नाही, कार्ड नाही म्हणजे रेशन नाही. आलेली माणसं नातेवाइकांच्या ताटात जेवली.

मग अल-शबाबच्या हल्ल्यांची मालिका. सप्टेंबर 2013 मध्ये नैरोबीच्या वेस्टगेट मॉलमध्ये 67 जण मारले गेले, एप्रिल 2015 मध्ये गारिसा विद्यापीठात 148. मेलेल्यांत कोवळी मुलं होती आणि केनियन जनतेचा संताप खरा होता. तो छावणीकडे वळवला गेला. दादाबमध्ये पोलिसांवर बॉम्बहल्ले झाले होते, छावणीत नेमस्त पुढाऱ्यांचे खून झाले होते. त्यामुळे सुरक्षेचा प्रश्नच नव्हता असं म्हणणं चुकीचं होईल. पण अल-शबाबच्या जाचाला कंटाळून पळालेल्या लाखो माणसांना अल-शबाबचे हस्तक ठरवायला पुरावा लागतो आणि मानवाधिकार संघटना तो मागत राहिल्या. मे 2016 मध्ये सरकारने छावणी बंद करण्याचा निर्णय जाहीर केला आणि निर्वासितांचा सरकारी विभागच बरखास्त करून टाकला.

केनियाच्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने आणि 'किटुओ चा शेरिया' या कायदेविषयक संस्थेने कोर्टात धाव घेतली. 9 फेब्रुवारी 2017 रोजी उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जॉन मटिवो यांनी निर्णय घटनाबाह्य ठरवला. एका राष्ट्रीयत्वाच्या लोकांना सरसकट शिक्षा देणं हा भेदभाव आहे आणि जिवाला धोका असलेल्या ठिकाणी कोणाला परत ढकलता येत नाही, असा तो निकाल. निर्वासितांच्या बाजूने एका आफ्रिकी देशातलं कोर्ट, त्याच देशाचा मानवाधिकार आयोग आणि एक नागरी संस्था उभी राहिली. ही बातमी आपल्याकडे जवळजवळ पोचलीच नाही. 2021 मध्ये सरकारने पुन्हा मुदत दिली, तीही गेली. छावणी उठली नाही. पण उद्या उठेल या धाकात कोणी विहीर खणत नाही, भिंत बांधत नाही, कर्ज देत नाही.

बाहेर पडायच्या वाटा

कागदावर निर्वासिताला तीन वाटा असतात. पहिली, मायदेशी परत जाणं. 2014 च्या अखेरीपासून रोख मदत देऊन हा कार्यक्रम चालवला गेला आणि ऐंशी हजारांच्या आसपास लोक सोमालियात परतले. त्यांतल्या कित्येकांना तिकडे घर, शाळा, सुरक्षितता काहीच मिळालं नाही आणि ते गुपचूप दादाबला आले. आता मात्र कार्ड रद्द झालेलं. दुसरी वाट, तिसऱ्या देशात पुनर्वसन. जगभरातल्या शंभर निर्वासितांत वर्षाला एकालाही ही संधी मिळत नाही. मुलाखती, वैद्यकीय तपासण्या, चौकश्या यांत दहा-दहा वर्षं जातात. जानेवारी 2017 मध्ये अमेरिकेने दारं लावली तेव्हा सामानसुमान विकून विमानाची वाट बघणारी कुटुंबं परत तंबूत आली, आणि जानेवारी 2025 मध्ये तो कार्यक्रम पुन्हा थांबवला गेला.

तिसरी वाट म्हणजे आहे त्या देशात मिसळून जाणं. याबाबत महाराष्ट्राच्या गाठीला अनुभव आहे. फाळणीनंतर कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावणीत लाखाच्या आसपास सिंधी निर्वासित आले. बराकी, शिधा, रांगा, तिथेही सगळं हेच होतं. 1949 मध्ये त्या छावणीला उल्हासनगर नाव मिळालं. कॅम्प नंबर एक ते पाच ही नावं आजही पत्त्यात आहेत, पण तिथे आता कोणी निर्वासित नाही. ती माणसं पहिल्या दिवसापासून नागरिक होती. लोकलने मुंबईला जायला त्यांना परवाना लागत नव्हता, कारखाना काढायला मनाई नव्हती. नागरिकत्व नसलेल्या तिबेटी लोकांनाही गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ 1972 मध्ये जमीन देऊन वसवलं, ते शेती करतात, हिवाळ्यात गावोगाव स्वेटर विकतात. दादाबच्या लोकांत उद्यमशीलता कमी नाही, हे तिथला बाजार सांगतो. त्यांना लोकल पकडता येत नाही, एवढाच फरक आहे आणि तो फार मोठा आहे.

केनियाचा नवा निर्वासित कायदा फेब्रुवारी 2022 पासून लागू झाला. त्यात काम-धंद्याचा हक्क पूर्वीपेक्षा स्पष्ट आहे. मार्च 2025 मध्ये राष्ट्राध्यक्ष रुटो यांनी 'शिरिका' योजना जाहीर केली. दादाब आणि काकुमा या छावण्यांचं हळूहळू नगरपालिका असलेल्या गावांत रूपांतर करायचं, शाळा-दवाखाने निर्वासित आणि स्थानिक दोघांसाठी सरकारी यंत्रणेत आणायचे, असा तिचा आराखडा आहे. दिशा बरोबर आहे, असं मला मनापासून वाटतं.

घडी मात्र वाईट साधली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या या संस्थांकडे हक्काचा पैसा जवळजवळ नसतो. देश स्वेच्छेने देतील त्यावर कारभार. तीस-पस्तीस वर्षं चाललेलं हे शहर दरवर्षी नव्याने वर्गणी मागून चालवलं जातं. 2025 मध्ये अमेरिकेने मदत आटवली आणि मध्यावर केनियातल्या छावण्यांचं रेशन ठरलेल्या प्रमाणाच्या तीस टक्क्यांच्याही खाली आलं. रोख रक्कमही थांबली. काकुमात लोक रस्त्यावर उतरले. त्यानंतर गरजेनुसार कुटुंबांचे गट पाडून काहींना जास्त, काहींना कमी आणि काहींना काहीच नाही, अशी विभागणी आली. ज्यांना 'स्वतःच्या पायावर उभे' ठरवून वगळलं त्यांना गारिसाला जाऊन काम शोधायची मोकळीक मात्र त्यासोबत मिळाली नाही. रेशन आधी गेलं, परवाना अजून यायचाच आहे.

शिरिका खरी की कागदी हे कळायला दोन-तीन गोष्टींकडे लक्ष ठेवावं. गारिसाच्या रस्त्यावरच्या चौक्यांत निर्वासिताचं ओळखपत्र चालतं की अजून परवाना मागतात? कामाचे परवाने किती निघतात? सोमालिया 2024 मध्ये पूर्व आफ्रिकी समुदायाचा सदस्य झाला. त्या समुदायातल्या देशांच्या लोकांना निर्वासितपण सोडून सदस्य देशाचे नागरिक म्हणून केनियात राहता येईल अशी सोय नव्या कायद्यात आहे. ती सोमालियाच्या लोकांना प्रत्यक्षात देतात का? आणि जमीन. छावण्या ज्या जमिनीवर आहेत ती स्थानिक सोमाली समाजाच्या सामूहिक मालकीची मानली जाते. तीस वर्षांत तिथली झाडं गेली, चराई गेली, आणि आता नगरपालिका आल्यावर प्लॉट कोणाच्या नावावर होणार, ही गारिसातल्या लोकांची शंका रास्त आहे. त्यांना विश्वासात न घेता नैरोबीत आणि जिनिव्हात बसून आखलेली योजना दादाबच्या पहिल्याच वॉर्डात अडेल.